डबल स्टँड, साईड स्टँड आणि नानांचं बोट

आमच्या कळवणमध्ये नुसतं "स्टँड" म्हटलं की एस.टी. स्टँड. "कुठे चाललास?" "स्टँडवर." एवढं बोललं की पुरतं. गाडीच्या स्टँडबद्दल बोलायचं असेल तर "डबल स्टँड" किंवा "साईड स्टँड" असं पूर्ण नाव घ्यावं लागतं. आजची पोस्ट या दुसऱ्या स्टँडबद्दल आहे. विषय वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या :) मलाही आलं असतं. पण दिवाळीत घरी जे झालं त्यानंतर हे लिहायचंच असं ठरवलं, आणि नानांची परवानगीही घेतली आहे. घरचे वाचतील त्यांना यातली एक गोष्ट पहिल्यांदाच कळेल.

तर झालं असं. पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा घेत बसले होते. नाना शेजारी पेपर वाचत होते. अंगणात आमचा भाचा, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, त्याच्या 'नव्या' गाडीला धुवत होता. नवी म्हणजे सेकंडहँड, पण त्याच्यासाठी नवी. केशरी रंगाची २०० सीसीची ड्यूक. नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे गाडीचं सगळं आपणच करायचं अशी हौस. या गाडीला डबल स्टँड नाही, फक्त साईड स्टँड. मग चेन साफ करायला मागचं चाक उचलायचं कसं? पठ्ठ्याने मित्राला बोलावलं. मित्राने गाडी साईड स्टँडवर आणखी डावीकडे कलवली, मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं, आणि याने इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला. चाक फिरायला लागलं, चेन फिरायला लागली, आणि हा हातात जुन्या बनियनचा तुकडा घेऊन चेन पुसायला बसला.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. कप पडला एवढं आठवतं. त्याने दचकून हात मागे घेतला, मित्राने घाबरून किल्ली बंद केली.

"काय झालं आत्या?"

मला बोलताच येईना. नाना मात्र पेपर बाजूला ठेवून शांतपणे म्हणाले, "इकडं ये रे." आणि डावा हात त्याच्यासमोर धरला. नानांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. "विळा लागला होता, चारा कापताना," हेही सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी नाना त्याला म्हणाले, "विळा नव्हता लागला."

ती गोष्ट पुढे सांगते. आधी जरा मागे जाऊ, कारण नंतर रात्रभर माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. पूर्वी प्रत्येक गाडीला डबल स्टँड असायचा, मग तो गेला कुठे? आणि जे शहाणपण त्या स्टँडबरोबर आपसूक यायचं, ते या पोरांना आता कोण देणार?

मोटरसायकलचा इतिहास शोधायला गेलं की पहिलीच गंमत सापडते. जगातली पहिली पेट्रोलची मोटरसायकल म्हणून जिचं नाव घेतात ती जर्मनीतल्या डाइमलर आणि मायबाख या जोडीची १८८५ सालची लाकडी गाडी. तिला दोन्ही बाजूंना एकेक छोटं चाक होतं, अगदी लहान मुलांच्या सायकलला असतं तसं. म्हणजे दुचाकी जन्माला आली तीच मुळात आधार घेऊन. चालताना तोल सांभाळता येतो, पण थांबल्यावर ही वस्तू पडते, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पुढे ती चाकं गेली आणि मागचा स्टँड आला. मागच्या चाकाच्या आसाजवळ जोडलेली एक लोखंडी कमान. ती खाली पाडायची आणि गाडी मागे ओढून तिच्यावर चढवायची. मागचं चाक हवेत. गाडी चालवताना कमान वर उचलून मडगार्डला क्लिपने अडकवायची. त्या काळी हा स्टँड नुसता पार्किंगसाठी नव्हता. १९१० च्या सुमाराच्या बऱ्याच गाड्यांना सायकलसारखी पेडल होती. गाडी स्टँडवर घ्यायची, पेडल मारून इंजिन चालू करायचं, मग क्लच दाबून गाडी खाली उतरवायची. शिवाय रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असत, त्यामुळे पंक्चर नित्याचं. चाक काढायचं तर ते हवेत हवंच. म्हणजे स्टँड हा गाडीचा 'पार्ट' कमी आणि बरोबर नेलेलं गॅरेज जास्त होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने ज्या बी.एस.ए. एम-२० गाड्या वापरल्या, सव्वा लाखाच्या आसपास बनल्या म्हणतात, त्यांनाही हा मागचाच स्टँड होता. युद्धानंतर हळूहळू स्टँड मागच्या चाकापासून सरकत सरकत गाडीच्या पोटाखाली आला. तो झाला सेंटर स्टँड, आपल्या भाषेत डबल स्टँड. याचा फायदा असा की गाडीचं वजन जवळजवळ मध्यावर तोललं जातं, त्यामुळे चढवायला जोर कमी लागतो. मागच्या स्टँडला गाडीचा अख्खा पार्श्वभाग उचलावा लागायचा. इथे एक पाय दिला की तरफेचं काम होतं.

आपल्याकडे मोटरसायकली बनायला लागल्या त्या याच डबल स्टँडच्या काळात. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट आली. १९६१ साली म्हैसूरला इराणी मंडळींची आयडियल जावा सुरू झाली, पुढे तिचीच येझदी झाली. १९६२ पासून एस्कॉर्ट्सची राजदूत. पोलंडच्या एका गाडीवरून घेतलेली, पावणेदोनशे सीसीची, दणकट आणि कुरूप. माझं अर्थातच तिच्यावर प्रेम आहे, पण कुरूप ती होतीच :) खेड्यापाड्यांत राजदूत गेली तशी दुसरी कुठली गाडी गेली नसेल. आमच्या भागात दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लावलेली राजदूत हे रोजचं दृश्य होतं. कॅन भरलेली गाडी साईड स्टँडवर लावणं म्हणजे दूध सांडण्याची तयारीच. म्हणून दूधवाले वेल्डिंगवाल्याकडून डबल स्टँडच्या पायांना जाड पट्टी मारून घ्यायचे. पट्टी मारलेला स्टँड वाजतो कसा तेही लक्षात आहे. पहाटे गल्लीत "खण्ण" असा आवाज आला की दूध आलं.

आणि आपली लुना! १९७२ सालची, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकची. लुनाला पेडल होती. स्टँडवर लावायची, पेडल मारायची, इंजिन फुरफुरलं की खाली उतरवायची. १९१० सालच्या विलायती माणसाने कळवणला येऊन माझ्या आत्याला लुना चालू करताना बघितलं असतं तर त्याला काहीच नवल वाटलं नसतं. साठ वर्षांनी तीच क्रिया, फक्त नऊवारीत.

१९७२ चाच चेतक. पुण्याच्या आकुर्डीतून आलेला, ज्याच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली तो. चेतकचं इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे तो जरा उजवीकडे झुकल्यासारखाच. सकाळी चालू होत नसला की त्याला आडवा करायचा, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत जायला, आणि मग उभा करून किक. हा विधी ज्यांनी केला नाही त्यांनी चेतक वापरला असं मी मानत नाही. त्यालाही पोटाखाली डबल स्टँडच. साईड स्टँड हवा असेल तर बाहेरून बसवून घ्यायचा.

मग १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली आणि १९९४ ला स्प्लेंडर. हलक्या गाड्या, थोडं पेट्रोल, थोडी कटकट. मला वाटतं इथपासून साईड स्टँडचं राज्य सुरू झालं. डबल स्टँडला दोन हात आणि एक पाय लागतो, साईड स्टँडला नुसता टाचेचा झटका. दुकानासमोर दोन मिनिटं थांबायचं तर कोण डबल स्टँड करणार? गाड्या वाढल्या, थांबे वाढले, घाई वाढली.

आणि साईड स्टँडबरोबर आपल्या रस्त्यांवर एक सुंदर प्रथा आली. कोणी स्टँड न काढता निघाला की अनोळखी माणसं ओरडतात, "ओ भाऊ, स्टँड!" शेजारून जाणारा हॉर्न मारून पायाकडे बोट दाखवतो. एस.टी.च्या खिडकीतून आजीबाई हात हलवतात. जात-पात, ओळख-पाळख काही बघत नाहीत. उघडा राहिलेला स्टँड डाव्या वळणावर जमिनीला टेकला की गाडी उलटते, हे सगळ्यांना माहीत असतं. युरोपात याचा बंदोबस्त कायद्याने केला. १९९३ सालच्या त्यांच्या एका निर्देशाप्रमाणे साईड स्टँड आपोआप मिटला पाहिजे, नाहीतर तो उघडा असताना इंजिनने गाडी पुढे जाता कामा नये. आपल्याकडे २०२० च्या आसपास, नव्या बी.एस. सिक्स गाड्यांबरोबर, स्टँड उघडा असताना इंजिन बंद करणारं बटण बऱ्याच गाड्यांवर दिसायला लागलं. चांगलंच झालं, जीव वाचतील. तरी "ओ ताई, स्टँड!" ही हाक एक दिवस बंद होईल म्हणून थोडं वाईट वाटतंच.

आता माझ्या स्वतःच्या डबल स्टँडची गोष्ट. मी नववीत असताना नानांनी मला लुना शिकवली, आणि त्याच सुट्टीत राजदूत डबल स्टँडवर लावायलाही शिकवली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीच्या जातीला ते जमायचं नाही, कंबर धरेल." नाना म्हणाले, "कंबरेचं काम नाहीच ते. उचलायचं नाही, उभं राहायचं." हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं आहे, गाडीसाठीही आणि इतर ठिकाणीही.

पद्धत अशी. गाडीच्या डावीकडे उभं राहायचं. डावा हात हँडलला, हँडल सरळ. उजवा हात मागच्या कॅरिअरला किंवा सीटखालच्या दांडीला. उजव्या पायाने स्टँडची पट्टी खाली दाबायची, आणि आधी खात्री करायची की स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आहेत. एकच टेकला असेल तर गाडी किंचित हलवून दुसरा टेकवायचा. नव्वद टक्के लोकांचं इथेच चुकतं. मग हाताने ओढायचं नाही, आपलं सगळं वजन त्या पायावर टाकून उभं राहायचं. हात फक्त दिशा देतात. गाडी स्वतःहून मागे सरकत वर चढते. एकशेदहा किलोची स्प्लेंडर असो नाहीतर एकशेपंचाण्णव किलोची नवी क्लासिक, तत्त्व एकच. पन्नास किलोची पोरगी लावू शकते. मी लावलेली आहे, काकूंच्या दारासमोर मुद्दाम नेऊन :)

जमीन मात्र बघावी लागते. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी. साईड स्टँड लावून कांद्याच्या चाळीकडे गेलं की परत येईपर्यंत गाडी आडवी. म्हणून बांधावर प्रत्येकाचा एक ठरलेला चपटा दगड असतो, त्यावर स्टँडचा पाय. डांबर उन्हाने मऊ झालं तरी तेच, एखादा पत्र्याचा तुकडा खाली टाकावा. उतारावर डबल स्टँड लावायचाच नाही, गाडी पुढे घसरून स्टँड मिटतो. चैत्रात सप्तशृंगी गडावर जाताना नांदुरीच्या घाटात कडेला गाड्या लावतात तेव्हा बघा. जाणते लोक गाडीचं तोंड चढाकडे करून, पहिल्या गिअरमध्ये टाकून साईड स्टँडवर लावतात. नवखे उताराकडे तोंड करतात आणि मग देवीचा धावा करतात.

इंजिन ऑईल बघायचं असलं तरी बहुतेक कम्युटर गाड्यांना डबल स्टँडच लागतो. गाडी सरळ उभी नसेल तर ऑईल एका बाजूला जातं आणि काडीवर खोटी पातळी दिसते. आमच्या एका नातेवाइकांनी (नाव सांगत नाही, ते वाचतील) साईड स्टँडवर बघून वर्षभर जास्तीचं ऑईल ओतलं होतं.

मग डबल स्टँड गेला का? मला जी कारणं कळली ती सांगते. पहिलं, किक गेली, बटण आलं. स्टँडवर लावून किक मारायची गरज संपली. दुसरं, ट्यूबलेस टायर आले. पंक्चर चाक न काढता, बाहेरून पट्टी घालून निघायला लागलं. तिसरं, वजन. चार-पाच किलो लोखंड कमी झालं तर गाडी हलकी आणि स्वस्त. चौथं, खेळकर गाड्यांमध्ये सायलेन्सरची पेटी पोटाखाली गेली, तिथे स्टँडला जागाच उरली नाही, आणि वळताना तो जमिनीला घासायचीही भीती. २०१२ साली पुण्याजवळच्या चाकणमधून पहिली ड्यूक २०० बाहेर पडली तीच मुळी डबल स्टँडशिवाय. सगळी कारणं रास्त आहेत. फक्त एक गोष्ट बदलली नाही. चेन तीच राहिली, आणि तिला दर पाचशे-सहाशे किलोमीटरला साफ करून तेल द्यावंच लागतं. चाक उचलायचं साधन गेलं, चाक उचलायचं कारण राहिलं. त्या फटीत आमचा भाचा बनियनचा तुकडा घेऊन बसला होता.

आता १९८८ सालची गोष्ट.

मी दहा वर्षांची होते. पावसाळा संपला होता, राजदूतची चेन चिखलाने भरली होती. नानांनी चेनकव्हर काढलं, गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला. म्हणजे चेन आपोआप फिरत राहील आणि फडकं नुसतं धरून ठेवलं की झालं. पुष्कळ लोक असंच करायचे, अजूनही करतात. गाडी टू-स्ट्रोक, आयडलला सारखी बंद पडायची. नानांनी मला सीटवर बसवलं आणि म्हणाले, "जरा रेस धर, जराशीच." मला एवढं मोठं काम कधीच कोणी दिलं नव्हतं. मी रेस धरली. आणि मग, मला आवाज आवडला म्हणून, जराशी जास्त पिळली.

नाना ओरडले नाहीत. नुसतं "बंद कर" म्हणाले. मला वाटलं आवाज जास्त झाला म्हणून म्हणाले. फडकं चेनमध्ये ओढलं गेलं होतं, आणि फडक्याबरोबर बोट, चेन आणि मागच्या दात्यांच्या मध्ये. त्यांनी तेच फडकं हाताला गुंडाळलं आणि मला म्हणाले, "आईला सांगायचं, विळा लागला. डॉक्टरला पण तेच. तू इथे नव्हतीस."

मी इथे नव्हते. सदतीस-अडतीस वर्षं मी तिथे नव्हते. आई गेली, तिला विळाच माहीत होता.

त्या रात्री, दिवाळीच्या, मी कागद घेऊन हिशोब मांडला, भाच्यालाच बरोबर घेऊन. आयडलला पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक साधारण चालत्या माणसाच्या वेगाने फिरतं, ताशी चार किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला एकशेदहा सेंटीमीटर. मागच्या दातेरी चक्राची त्रिज्या चाकाच्या साधारण तीन-दशांश. म्हणजे चेन सेकंदाला तेहतीस-एक सेंटीमीटर सरकते. बघताना हे फार संथ वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. काहीतरी ओढलं जातंय हे कळून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. पाव सेकंदात चेन आठ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. बोटाची लांबी साधारण तेवढीच. आणि हे आयडलला. कोणी रेस जास्त पिळली तर वेगळंच.

भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आत्या, म्हणजे तू रेस धरली नसतीस तरी बोट गेलंच असतं."

हा हिशोब मी कधी केला नव्हता. दहाव्या वर्षी केला नाही ते समजू शकतं, पण नंतरही केला नाही. नाना आतून म्हणाले, "मी तेव्हापासून तेच म्हणतोय." नाना तेव्हापासून काहीच म्हणाले नव्हते. पण असो.

आता कामाचं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी बसून ठरवलं की या गाडीला काय घ्यायचं. ज्यांच्या गाडीला डबल स्टँड नाही त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

अशा गाड्यांसाठी पॅडॉक स्टँड मिळतो. रेसच्या गाड्यांना मागून लावतात तो. गंमत बघा, हा म्हणजे तोच १९१० सालचा मागचा स्टँड, फक्त गाडीपासून सुटा केलेला आणि चाकं लावलेला. शंभर वर्षांनी फिरून आपण तिथेच आलो. तो मागच्या चाकाजवळ स्विंगआर्मला (गॅरेजवाले ज्याला चिमटा म्हणतात) खालून धरून गाडी उचलतो. त्यात दोन प्रकार. एकात रबर लावलेले सपाट पंजे असतात, ते कोणत्याही गाडीला चालतात पण सरकू शकतात. दुसऱ्यात इंग्रजी व्ही आकाराचे आकडे असतात, ते स्विंगआर्मला बसवलेल्या छोट्या गोल गुटक्यांना अडकतात. गाडीच्या स्विंगआर्मला गुटक्यांसाठी आटे असलेली भोकं असतील तर दुसराच घ्यावा, तो निसटत नाही. घेताना बघायचं ते एवढंच: रुंदी कमी-जास्त करता येते का, खालचा पाया रुंद आहे का, वेल्डिंग सलग आहे का नुसते टाके मारलेत, आणि गाडीचं वजन पेलेल असं त्यावर लिहिलंय का. आमच्या वेल्डिंगवाल्याने चौकोनी पाईपचा अर्ध्या किमतीत बनवून देतो असं सांगितलं. माणूस उत्तम आहे, त्याने बनवलेलं आमचं फाटक आम्हाला पुरून उरेल. पण फाटक पडलं तर कोणाच्या अंगावर दीडशे किलो पडत नाहीत. आम्ही तयारच घेतला.

लावताना पहिल्या काही वेळा दोन माणसं हवीत, एक गाडी सरळ धरायला आणि एक स्टँड दाबायला. जमीन सपाट आणि कडक. पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधायचा, म्हणजे गाडी पुढे पळत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किल्ली काढून खिशात. नुसती बंद नाही, खिशात. चाक हाताने उलटं, मागच्या दिशेने फिरवायचं, ब्रशने खालच्या बाजूची चेन घासायची, चेन दात्यांमधून बाहेर येते त्या बाजूला. आत जाते त्या बाजूला हात न्यायचाच नाही, हाताने फिरवतानाही नाही. चाक फिरवणारा आणि पुसणारा माणूस एकच असावा. दोन माणसं दोन कामं करायला लागली की एकाच्या हातात रेस आणि दुसऱ्याचं बोट, हे मला वेगळं सांगायला नको.

आणि स्टँड घ्यायला पैसे नसतील तर? तर काहीच घेऊ नका. गाडी साईड स्टँडवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. समोर दिसेल तेवढी वीतभर चेन साफ करा. मग गाडी हातभर पुढे ढकला, पुन्हा साईड स्टँड, पुढची वीतभर. सात-आठ वेळा ढकललं की चेन पूर्ण होते. वीस मिनिटं जास्त लागतात. नाना म्हणाले, "वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही रे. मला शर्टाचं बटण लावायला तेव्हापासून रोज एक मिनिट जास्त लागतं. कर हिशोब." भाच्याने खरोखर मोबाईल काढून हिशोब केला. दोनशे तासांच्या वर निघाले. कोणी हसलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी बघितलं तर नाना अंगणात त्यांची स्प्लेंडर डबल स्टँडवर लावायचा प्रयत्न करत होते. अठ्ठ्याहत्तर वय. दोनदा लावली, दोनदा परत खाली आली. मला बघून म्हणाले, "साईडवर राहू दे, आता काय." ज्या माणसाने मला "उचलायचं नाही, उभं राहायचं" शिकवलं त्याच्या उभं राहण्यात आता तेवढं वजन उरलेलं नाही.

मी आत जाऊन कांद्याच्या चाळीची एक जुनी फळी आणली, इंचभर जाडीची. मागचं चाक त्या फळीवर घ्यायचं, स्टँडचे पाय मात्र जमिनीवर. गाडी आधीच इंचभर वर असल्याने मग फारसं चढायचंच उरत नाही, जरा मागे ओढली की स्टँडवर बसते. नानांनी एकदा करून बघितलं. खण्ण. पुन्हा खाली घेतली, पुन्हा केलं. खण्ण.

भाचा ओट्यावरून बघत होता. नंतर तो खाली आला, ती फळी उचलली, तिला एका टोकाला भोक पाडलं, सुतळी ओवली आणि दाराशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवली. नानांना वाकायला लागू नये म्हणून.

परवा फोनवर विचारलं तर फळी अजून तिथेच आहे म्हणे, आणि रोज वापरात आहे.